दिवसाचे तास विकून शिकताना

विद्यापीठातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या एका सत्राचा भार आता साधारण २२ क्रेडिटचा असतो. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास धरले आहेत. त्यात वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालयातलं वाचन, सबमिशन सगळं आलं. म्हणजे सत्राचे ६६० तास झाले. ते पंधरा आठवड्यांवर वाटले, तर आठवड्याला ४४ तास पडतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराच्या कामाला जी मर्यादा घातली, ती आठवड्याला ४८ तासांची. तेव्हा नुसतं विद्यार्थी असणं हीच जवळपास पूर्ण वेळाची नोकरी आहे. या हिशोबाबद्दल माझी तक्रार नाही, कारण नीट शिकायचं तर एवढा वेळ लागतोच. पण ज्या मुलीला हे ४४ तास सांभाळून आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तास कामही करायचं आहे, तिचा आठवडा ६२ तासांवर जातो. कपडे धुणं, बसची वाट पाहणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला मारलेली खेप हे त्यात अजून धरलेलंच नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत अशी मुलंमुली नेहमीच होती. त्यांच्या गरिबीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यांच्या वेळेबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. फी माफ होते, शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृहात नंबर लागतो. इतकं झालं तरी दिवसाचे तास कमीच पडतात, आणि निकालात जो फरक दिसतो तो बऱ्याचदा या तासांचा असतो.

पुण्यात गणेशखिंडीतल्या ४११ एकरांच्या आवारात सकाळी लवकर गेलं, तर हे चित्र उघड्या डोळ्यांनी दिसतं. विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान. १८६४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि साहेबाच्या हिरवळीवर शेतकऱ्यांची पोरं पुस्तक घेऊन बसू लागली. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. या आवारात सकाळी फिरायला येणारे पुणेकर असतात, सेट-नेटचा अभ्यास करणारे असतात आणि ‘कमवा व शिका’ची मुलं असतात. योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. बागेतलं काम, विभागाच्या कार्यालयातलं काम, ग्रंथालयातलं काम असं जे मिळेल ते करायचं, हजेरीपत्रकावर सही करायची आणि तासाच्या हिशोबाने मानधन घ्यायचं.

मी ज्या मुलीशी सविस्तर बोललो, ती दुसऱ्या एका विद्यापीठात मराठीत एम. ए. करते. गाव दुष्काळी पट्ट्यातलं, वडील ऊसतोडीला जातात. तिला ग्रंथालयातलं काम मिळालं होतं. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घ्यायची आणि जागेवर लावायची. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यापुढे कविता, नाटक, कादंबरी यांचे आकडे, मग लेखकाच्या नावाची अक्षरं. पुस्तकाच्या पाठीवरची ही चिठ्ठी मान वाकडी करून वाचायची आणि पुस्तक नेमक्या दोन पुस्तकांमध्ये सरकवायचं. एक आकडा चुकला, तर पुस्तक कपाटात असूनही हरवलेलंच. दोन महिन्यांत तिला ग्रंथालयाचा तो मजला पाठ झाला. डिझर्टेशनसाठी ग्रामीण स्त्रियांची आत्मकथनं घ्यायची हे तिने त्या कपाटांसमोर उभं राहूनच ठरवलं. यादीत नसलेली तीन पुस्तकं तिला लावता लावता सापडली होती. मार्गदर्शक बाईंनाही त्यातलं एक ठाऊक नव्हतं, हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

तिचा दिवस मात्र पाहावा असा आहे. सकाळी साडेपाचला उठायचं, कारण सहानंतर नळावर रांग लागते. सात ते नऊ वाचन. साडेनऊला मेस. अकरा ते दोन तास. अडीच ते साडेपाच ग्रंथालयातलं काम. मग चहा, आणि सात वाजता मेसची संध्याकाळची पाळी. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक ठरलेल्या वेळी बंद होतं, म्हणून रात्री अभ्यासिकेत बसता येत नाही. खोलीत चौघी. एकीला उजेडात झोप येत नाही. म्हणून ही जिन्यातल्या दिव्याखाली बसते. महिन्यातून काही दिवस मेसला खाडा मांडते, कारण खाड्याचे पैसे बिलातून वजा होतात. त्या दिवशी जेवण म्हणजे चहा आणि पाव. याबद्दल ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, पण मला मात्र तक्रार करावीशी वाटते. एम. ए. करणाऱ्या मुलीने परीक्षेच्या महिन्यात खाडा मांडून पैसे वाचवावेत, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

‘कमवा आणि शिका’मागचा विचार याहून पुष्कळ मोठा होता. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं स्वतः करत. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि श्रम करून उच्च शिक्षण घ्यायची पद्धत तिथे रुजली. या रचनेतली एक गोष्ट आज आपण विसरलो आहोत. भाऊरावांच्या मुलाला काम शोधत शहरभर फिरावं लागत नसे. राहणं, जेवणं, राबणं आणि शिकणं एका आवारात होतं, त्यामुळे जाण्यायेण्यात तास वाया जात नसत. श्रमाला प्रतिष्ठा मिळाली हे खरंच, आणि त्याबरोबर मुलाचा वेळही वाचला.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. शिकायला वेळ मिळणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला तास आटोपून कामावर जाता येईल. विद्यार्थ्याला वेळ नसेल तर संस्थेने आपलं वेळापत्रक बदलायचं, इतकी साधी आणि इतकी दुर्मीळ गोष्ट त्यांनी केली.

पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवण्याचा भार उचलला. कोल्हापूरला १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार. त्यांच्या नावाचं ‘कमवा व शिका’चं विद्यार्थी भवन तिथल्या आवारातच आहे. मुलांनी तिथेच राहायचं, विद्यापीठाचं काम करायचं आणि तिथेच शिकायचं. साताऱ्याचा धागा इथे तुटलेला नाही, म्हणून मला हे भवन महत्त्वाचं वाटतं.

बाकी ठिकाणी मात्र योजनेचं नाव मोठं आणि जीव लहान झाला आहे. मानधन तासावर मोजलं जातं, पण खात्यावर वेळेवर पडतंच असं नाही. एका महाविद्यालयात दिवाळीआधीचं मानधन परीक्षेनंतर मिळाल्याचं मुलांनी मला सांगितलं. मेसवाला तेवढं थांबत नाही. मग उसनवारी होते, आणि ती फेडायला रात्री केटरिंगच्या कामावर जाणं आलं. वाढप्याचं काम रात्री एकला संपतं, सकाळच्या तासाला डोळा लागतो, प्रेझेंटी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. ही साखळी कुणी मुद्दाम केलेली नाही, पण तिची एकही कडी सुटत नाही.

राहण्याचंही तसंच. सामाजिक न्याय विभागाच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला जास्तीत जास्त ६० हजार रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला पाच हजार. त्यात कॉटचं भाडं आणि मेस दोन्ही बसवायचं. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, ती मुलं मित्राच्या खोलीत चोरून राहतात. पुण्यात त्यांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण मुलं तो प्रेमाने वापरतात, आणि दोन गाद्यांवर तिघं झोपतात. वॉर्डनची फेरी आली की पॅरासाइट पुस्तकं उचलून आवारातल्या झाडाखाली जाऊन बसतो. या अवस्थेत राहून अधिकारी, प्राध्यापक, पत्रकार झालेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करून आपण मोकळे होतो, तेव्हा वाटेत गळून गेलेल्यांचा हिशोब कुणीच मांडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात एक फट आहे, आणि ती वापरायला हवी. महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी चार क्रेडिट ठेवले आहेत. आज मुलं त्यासाठी कुठलीतरी कंपनी शोधतात, प्रमाणपत्र आणतात. खेड्यातून आलेल्या मुलाची ओळख नसते, म्हणून त्याला ते प्रमाणपत्रही जड जातं. जी मुलगी वर्षभर ग्रंथालयात ८९१.४६ च्या कपाटांत राबते, तिचं काम प्रशिक्षण का धरू नये? वनस्पतीशास्त्राचा मुलगा विद्यापीठाची रोपवाटिका सांभाळतो, संगणकशास्त्राची मुलगी विभागाचं संकेतस्थळ चालवते. ही कामं क्रेडिटमध्ये धरली, तर चार क्रेडिटचे १२० तास त्यांच्या पदरात परत पडतील. विद्यापीठाला त्यासाठी एक पैसाही जास्त लागणार नाही. लागेल तो अभ्यास मंडळाचा एक ठराव आणि कामावर देखरेख ठेवणारा एक शिक्षक. मात्र मानधन तोडून क्रेडिट द्यायची पळवाट कुणी काढू नये. पोट आणि पदवी दोन्हींची गरज एकाच मुलीला आहे.

बाकीच्या मागण्याही साध्या आहेत. मानधन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यावर पडावं. विषयाशी जवळचं काम आधी त्या विषयाच्या विद्यार्थ्याला मिळावं. मुलींच्या वसतिगृहात रात्री उघडी राहणारी एक अभ्यासिका असावी, म्हणजे जिन्यातल्या दिव्याखाली बसायची वेळ येणार नाही.

आणि वाचकांनो, तुमच्यापैकी अनेकजण याच वाटेने आलात. कुणी खाडा मांडून शिकलात, कुणी पॅरासाइट राहिलात, कुणी बागेला पाणी घालून फी भरलीत. आज तुम्ही अभ्यास मंडळांवर आहात, विभागप्रमुख आहात, संस्थांचे विश्वस्त आहात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक ठराव घाला.