नवं चाक हातात घेताना

सकाळी 7:50
बर दुबईतली एक खोली. सहा खाटा, एक खिडकी. खिडकीजवळची खाट मामांची. तिचे महिन्याला साडेआठशे दिरहम. खिडकीचे शंभर जास्त जातात, पण हवा लागते म्हणून मामा ते देतात. मामा मूळचे कराडचे. वयाच्या तेराव्या वर्षी एसटी स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानात लागले. मग अकरा वर्षं पुण्यात, आणि आता नऊ वर्षं दुबईत, डोंगरी सायकलींच्या दुकानात. दुकानातले मराठी गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

नोव्हेंबरातला शुक्रवार आहे. 2022 पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारची झाली. शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस चालतात. त्यामुळे दुपारनंतर दुकानात रीघ लागते, कारण शनिवारी पहाटे सगळ्यांना हत्ताला जायचं असतं. हत्ता म्हणजे दुबईचाच तुकडा, पण शहरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, हजर पर्वतात. तिथे सायकलींसाठी मुद्दाम डोंगरवाटा आखल्यात. हिरवी, निळी, लाल, काळी, अशी त्यांची अवघडपणाची चढती प्रत. उन्हाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हाच हंगाम.

सकाळी 8:40
बुरजुमानला मेट्रो. जायचे पाच दिरहम, यायचे पाच. मामा उभेच राहतात. "दिवसभर उभंच राहायचंय, आत्ताच बसून कशाला सवय मोडायची?" उजव्या अंगठ्याच्या पेराजवळ घट्टा आहे, हरभऱ्याएवढा. तारेच्या टोकाचं निपल फिरवायचा पाना तिथेच टेकतो.

सकाळी 9:30
अल कूझच्या गोदामांमधलं दुकान. शटर दहाला उघडतं, मामा अर्धा तास आधी. पहिलं काम टेबल पुसायचं. मग हत्यारं मांडायची. चाक बसवायचा स्टँड. तारेचा ताण मोजायचं मीटर. चाक मधोमध आहे का ते बघायची कमान. व्हर्निअर कॅलिपर. निपलचे तीन पाने. आणि एक जुना पाना, कराडचा. तो इथल्या कुठल्याच निपलला बसत नाही, तरी रोज टेबलावर असतो.

सकाळी 10:15
आजचं मोठं काम हे. पुरवठादाराने चाकांच्या सहा जोड्या नमुना म्हणून पाठवल्यात. मालकाला आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय, माल घ्यायचा की परत करायचा. मालक पावती बघणार, मामा चाक बघणार.

खोकं उघडलं. मामा चाकावरचं नाव वाचत नाहीत. आधी वास घेतात. मी विचारलं, वास कसला? "डिंकाचा, तेलाचा. आतून टेप घाईत चिकटवली असेल तर कळतं." मग एक्सलच्या टोकांना दोन बोटं लावून हळूहळू फिरवलं. डोळे मिटून. नवं बेअरिंग लोण्यासारखं फिरलं पाहिजे. कुठे अडलं, खरखरलं, की चाक बाजूला. "पूर्वी छर्रे असायचे. वाटी-कोन उघडायचा, ग्रीस भरायचं, घट्ट-सैल आपल्या हातात. आता बेअरिंग बंद डबीत येतं. बिघडलं की पूर्ण बदला. म्हणून आधीच बघायचं."

चाक स्टँडवर चढलं. गरकन फिरवलं. रिमच्या दोन्ही बाजूंना स्टँडच्या टोच्या टेकवल्या. कुठे टोच घासते, कुठे फट पडते, त्यावर आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, कळतो. कराडला चाकाचा आऊट काढायचे पाच रुपये मिळायचे, इथे साठ दिरहम. त्यातले मामांचे शून्य, पगार ठरलेला. आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर नव्या चाकाला चालतो. हे चाक चालण्यासारखं निघालं.

मला वाटलं, झालं. मामा हसले नाहीत. "आऊट नसलेलं चाक वाईट असू शकतं."

मग त्यांनी तारा वाजवायला सुरुवात केली. अंगठ्याच्या नखाने एकेक छेडायची. टिंग, टिंग, टिंग, टुंग. मामांचे वडील गावच्या भजनी मंडळात वीणेकरी होते. वीणा लावताना ते जसा कान जवळ न्यायचे तसाच मामा कान चाकाजवळ नेतात. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक हवा. एक तार टिंग, शेजारची टुंग, म्हणजे कारखान्यात कोणी एकच तार करकचून ओढून आऊट लपवलाय. आज चाक सरळ दिसतं. चार दगडांवर आपटलं की सैल तार आणखी सैल होते आणि घट्ट तार मानेतून तुटते.

कानाने निवडलेल्या तारा मग मीटरने मोजायच्या. मीटरचा काटा, सोबतचा तक्ता, तारेची जाडी, यांवरून ताण किलोत निघतो. घट्ट बाजूला साधारण शंभर ते एकशेवीस किलो. नेमका आकडा रिमवाला सांगतो. एका बाजूच्या तारा सरासरीच्या वीस टक्के वर-खाली असतील तर ठीक. मागच्या चाकाला चेनच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, पुढच्या चाकाला ब्रेकच्या डिस्कच्या बाजूच्या. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंची आपसात तुलना करायची नाही. हे सांगताना मामांनी माझं बोट धरून दोन्ही बाजूंच्या तारांवर दाबलं. फरक बोटाला लगेच कळला.

शेवटी दोन-दोन समांतर तारा मुठीत धरून जोरात आवळायच्या, चाकभर. कडकड आवाज आला तर पिळलेल्या तारा जागेवर बसल्या. आवळून झाल्यावर पुन्हा आऊट बघायचा. सरकला असेल तर कारखान्याने हे काम केलेलंच नाही.

बारा चाकं. एका चाकाला पंधरा-वीस मिनिटं. मामांच्या वहीत प्रत्येक चाकासमोर एक ओळ. खाडाखोड नाही.

सकाळी 11:50
शारजाहून एक गिऱ्हाईक आलं, केरळचं. परदेशातून ऑनलाइन मागवलेली चाकं घेऊन. बसवून द्या म्हणाले. मामांनी मागच्या हबला व्हर्निअर लावला. एकशे बेचाळीस मिलिमीटर. सायकलच्या फ्रेमची फट एकशे अठ्ठेचाळीस. सहा मिलिमीटरचं अंतर. वर फ्रीहब, म्हणजे कॅसेट चढतो तो भाग, जुन्या पद्धतीचा, आणि यांचा बारा गिअरचा कॅसेट नव्या मायक्रो स्प्लाइन खाचांचा. दोन्हीकडून अडलं. रिम मात्र सुंदर होती, 29 इंची, आतून तीस मिलिमीटर रुंद.

पैसे देण्याआधी चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा, असं मामा प्रत्येकाला सांगतात. एक्सलची लांबी-जाडी. फ्रीहबची जात. डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक. टायरची रुंदी. आज त्यांनी चिठ्ठी स्वतःच लिहून दिली. पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकाने खोकं पुन्हा टेपने बंद केलं, खूप वेळ लावून.

दुपारी 1:20
शेजारची मंडळी नमाजाहून परतलीत. मामांचा डबा मेसचा, महिन्याला साडेतीनशे दिरहम. दोन चपात्या, वांग्याची भाजी, डाळ. शेंगदाण्याची चटणी घरची, डब्यात चमचाभर उरली आहे. अर्धी मला वाढली.

हिशेब मी विचारला नव्हता, त्यांनीच सांगितला. पगार अठ्ठावीसशे. खाट, मेस, मेट्रो, फोन गेले की साधारण तेराशे उरतात. अकराशे घरी. दिरहमला चोवीस रुपयांच्या आसपास भाव आहे.

दुपारी 2:40
भाड्याने देणाऱ्याच्या आठ सायकली. डिस्कची जाडी मोजायची. नवी 1.8 मिलिमीटर, 1.5 ला आली की बदलायची, डिस्कवर ते छापलेलंच असतं. तीन बदलल्या. चेनला गेज लावायचं. बारा गिअरची चेन अर्धा टक्का ताणली की काढायची, नाहीतर तीनशे-चारशेचा कॅसेट खाऊन टाकते. कोणी बोलत नाही. नेपाळी मदतनीस धुतो, मामा मोजतात.

दुपारी 4:35
हे गिऱ्हाईक मूळचे ठाण्याचे, बांधकाम कंपनीत इंजिनिअर. गेल्या शनिवारी हत्ताच्या लाल वाटेवर मागची रिम दगडावर आपटून चेपली. आता चाकांची जोडीच नवी घ्यायची. मनात कार्बन. जोडी चोपन्नशे दिरहम. शेजारी अ‍ॅल्युमिनियमची, एकवीसशे पन्नास. दोन्हींच्या वजनात चारशे ग्रॅमचा फरक.

"साहेब, वजन किती तुमचं?"

"नव्वद."

"पाठीवर पाणी?"

"तीन लिटर."

"म्हणजे त्र्याण्णव. हत्यारं, टिफिन धरून पंचाण्णव. आणि आपण चारशे ग्रॅमचं बोलतोय."

इंजिनिअरसाहेब हसले. कार्बनचं चाक मात्र त्यांनी हातातून सोडलं नाही. मामांनी ते घेतलं. रिमभर नाण्याने टकटक करत गेले. आवाज सगळीकडे एकसारखा, टणटणीत. कुठे बद्द वाजलं असतं तर आतून थर सुटलेला. "चाक चांगलंय. खोटं नाही बोलणार." मग तारांकडे बोट दाखवलं. अठ्ठावीस तारा, सरळ डोक्याच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला बत्तीस, वाकड्या डोक्याच्या.

"ही सरळवाली तुटली तर तुमच्या मापाची माझ्याकडे नाही. परदेशातून येईल, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर हंगामातले तीन शनिवार गेले. ही वाकडीवाली माझ्या खणात आहे. कमी-जास्त असेल तर मी कापून आटे पाडतो. शनिवारी तुटली तर रविवारी तुम्ही परत हत्ताला."

दोन्ही चाकं उलटसुलट फिरवून फ्रीहबचा आवाज ऐकवला. दोन्हीत छत्तीस दात्यांचं रॅचेट. म्हणजे दहा अंशांत पकड. अठरा दाते असते तर वीस अंश. चढावर दगडात अडकून पायडल थोडं मागे घेऊन परत दाबायचं असतं, तिथे हा फरक पायाला कळतो. त्या बाबतीत दोन्ही सारखी. निपल कार्बनवाल्याला अ‍ॅल्युमिनियमची, दुसऱ्याला पितळेची. पितळेची एका चाकाला वीसेक ग्रॅम जड, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळ टिकतं. अ‍ॅल्युमिनियमचं निपल धरून बसतं, पाना लावला की गोल होतं. मामांनी खणातून तशी सात-आठ झिजलेली निपल काढून साहेबांच्या तळहातावर ओतली.

आणि दगड. अ‍ॅल्युमिनियमची रिम चेपते, पण बहुतेक वेळा घरी आणते. कार्बनची जास्त सोसते, पण एकदा तडकली की तिला दुरुस्ती नाही. मामा कार्बनच्या विरोधात नाहीत. शर्यतीत उतरणाऱ्या साठ किलोच्या मुलीला त्यांनी गेल्याच महिन्यात तेच चाक दिलं होतं.

साहेबांनी अ‍ॅल्युमिनियमची जोडी घेतली. फिलिपिनो विक्रेता गप्प होता. त्याला विक्रीवर दोन टक्के मिळतात. चोपन्नशेचे एकशे आठ झाले असते, मिळाले त्रेचाळीस. पासष्ट दिरहम म्हणजे त्याचा आठवड्याचा किराणा. मामांनी त्याच्यासाठी कडक चहा मागवला. तो प्यायला, पण बोलला नाही. हा प्रकार महिन्यातून दोन-तीनदा होतो.

संध्याकाळी 6:10
बाहेर अंधार पडलाय. नव्या चाकांचा आऊट साहेबांसमोर पुन्हा बघितला. तारा पुन्हा आवळल्या. रिम स्पिरिटने पुसली. टेप ताणून, एक सुरकुती न ठेवता. व्हॉल्व्ह. मग टायर, ट्यूबशिवाय. एका टायरमध्ये शंभर मिलिलिटर द्रव, काटा घुसला तर भोक बुजवणारा. हवेचा झोत सोडला. फट्, फट्, टायर रिमवर बसला. दुकानातले सगळे दचकतात, मामा नाही. "हा द्रव गाडीच्या डिकीत उन्हात वाळतो. दोन महिन्यांनी डोकावून बघा."

बिल. चाकं 2,150. टेप-व्हॉल्व्ह 95. द्रव 45. मजुरी 100. सहा सुट्या तारा 24. एकूण 2,414 दिरहम, व्हॅट त्यातच. सहा तारा मामांनी सायकलच्या नळीला आतून चिकटवून दिल्या. दोन फेऱ्या झाल्या की चाकं परत आणायची. ताण पुन्हा बघायचा असतो. त्याचे पैसे नाहीत.

रात्री 8:20
मालक आला. मामांची वही पुढे. सहा जोड्यांपैकी चार घ्या, दोन परत. एका जोडीत मागचं चाक मधोमध नाही, जवळपास दोन मिलिमीटर चेनकडे सरकलंय. दुसरीत तारांचा ताण सत्तरपासून एकशे चाळीसपर्यंत कसाही. मालक म्हणाला, ती तर सरळ फिरतायत. मामांनी चाक त्याच्या कानाशी धरून दोन तारा छेडल्या. मालकाने परतीचं खोकं बांधायला सांगितलं.

रात्री 10:05
शटर. उजवा अंगठा सुजलाय. मामा तो गार पाण्याच्या बाटलीला लावून मेट्रोकडे चालतात.

गाडीत जागा मिळाली. मामा बसले. फोन बघितला. संध्याकाळी मुलीचा फोटो आला होता. अकरावीला आहे, कॉलेजला जायला गिअरची सायकल हवी. कराडच्या दुकानात साडेअकरा हजाराची एक पसंत केलीय. फोटोत ती सायकलला धरून उभी. मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. मुलगी चौकटीबाहेर गेली, मागचं चाक उरलं. बराच वेळ बघितलं. मग फोन तोंडाजवळ धरून निरोप बोलून पाठवला.

"बाळा, सायकल छान आहे. मागचं चाक उचलून फिरव आणि व्हिडिओ पाठव. मग तारा एकेक वाजवून पाठव, सगळ्या. तोवर पैसे देऊ नको."