ब्रेकचा अदृश्य मदतनीस

गेल्या वैशाखांत पुण्याहून माणगांवाकडे जातांना, ताम्हिणीचा घाट उतरत असतां, आमच्या गाडीचा ब्रेक एकाएकीं दगडासारखा झाला. मागच्या आसनावर मातोश्री व दोन नातवंडें बसलेलीं. पायाखालचें पेडल खालीं जाईना. पाठ आसनास रेटून, अंगांतील सारा जोर पायांत आणावा तेव्हां कोठें गाडी कुरकुरत मंदावे. दुसऱ्या व मग पहिल्या गिअरांत घालून, इंजिनाच्याच ओढीवर मीं तो उतार कसाबसा संपविला. मुलांस कांहींच कळलें नाहीं. त्यांच्या आजीस मात्र कळलें होतें. ती बोलली नाहीं, इतकेंच. माणगांवाहून मंडळी एस. टी.नें पुढें गेली आणि गाडी दुसऱ्या दिवशीं ट्रकवर घालून परत आणविली.

ह्या प्रसंगास कारण झालेला भाग पुष्कळ मोटारवाल्यांनीं कधीं निरखून पाहिलेलाहि नसतो. पुस्तकांत त्यास सर्व्हो म्हणतात. आपल्याकडील कारागीर त्यास बूस्टर या नांवानेंच ओळखतात. बॉनेट उघडलें कीं चालकाच्या समोर, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर, मोठ्या पितळी डब्याएवढा एक काळा, गोल, चपटा डबा बसविलेला दिसतो, तोच हा. त्याच्या नाकाडावर मास्टर सिलिंडर असतो आणि त्यावर ब्रेक ऑइलची लहानशी टाकी.

डब्याच्या आंत रबराचा एक पडदा असून त्यानें दोन दालनें केलेलीं असतात. पेट्रोलचें इंजिन चालतांना हवा ओढून घेतें. ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला म्हणजे हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिनाच्या श्वासनलिकेंत हवा अतिशय विरळ होते. तेथून एक जाड रबरी नळी बूस्टरपर्यंत येते व दोन्ही दालनांतील हवा काढून घेते. आपण पेडल दाबलें कीं आंतील झडप पडद्यामागच्या दालनांत बाहेरची हवा सोडते. एका बाजूस वातावरण, दुसऱ्या बाजूस जवळजवळ पोकळी. मग वातावरण पडद्यास पुढें रेटतें. 20 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचें क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर भरतें. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम. पूर्ण पोकळी कधींच होत नाहीं, म्हणून त्याचा दोन-तृतीयांश धरला तरी दोनशें किलोंच्या आसपास जोर मिळतो. तीन धडधाकट माणसें आपल्या पायामागें उभीं असावींत, तसेंच हें! तीस वर्षें मीं शाळेंत टॉरिसेलीचा 1643 चा पाऱ्याचा प्रयोग शिकविला. परंतु तेंच वातावरण रोज माझ्या पायाखालीं बिनबोभाट राबत होतें, हें तें राबेनासें झालें तेव्हांच ध्यानांत आलें.

पायास अशी मदत देण्याची कल्पना जुनीच आहे. हिस्पानो-सुइझा या कंपनीनें 1919 सालच्या मोटारींत गाडीच्या गतीवरच चालणारी यांत्रिक योजना केली होती. पुढें बेल्जियन अभियंता दवांद्र याच्या कल्पनेवरून जर्मनींतील बॉश कारखान्यानें 1927 सालीं पोकळीवर चालणारा सर्व्हो बाजारांत आणला. ड्रम ब्रेकमध्यें चाकाच्या फिरण्यानेंच पट्ट्या अधिक घट्ट धरल्या जात. डिस्क ब्रेकला तो फायदा नाहीं, म्हणून डिस्क आल्यावर बूस्टरवांचून भागेना. डिझेल गाडींत ही पोकळी निराळा पंप करतो. विजेच्या गाडींत ओढून घेणारें इंजिनच नसल्यामुळें हें काम विजेच्या मोटरीवर सोंपविलेलें असतें.

येथें एक भेद सांगितलाच पाहिजे. आगगाडीचा जुना व्हॅक्यूम ब्रेक पुष्कळांस ठाऊक असतो. तेथें पोकळी ब्रेकला सोडवून धरीत असे. नळी फुटली, डबे तुटले, कीं पोकळी नाहींशी होऊन ब्रेक आपोआप लागे. मोटारींत नेमकें उलट आहे. येथें पोकळी गेली म्हणजे मदत गेली. ब्रेक शाबूत असतो, पण लावणारे आपण एकटे उरतों. म्हणूनच पेट्रोल वाचविण्यासाठीं इंजिन बंद करून घाट उतरण्याची खोड फार घातक आहे. डब्यांत सांठलेली पोकळी दोन-तीन वेळां पाय दाबण्यापुरती पुरते, आणि घाटांत वळणें तर त्याहून किती तरी अधिक असतात. माझे एक मामा ही युक्ति मोठ्या अभिमानानें सांगत. त्यांच्या गाडीला बूस्टरच नव्हता, ही गोष्ट मात्र ते सांगत नसत.

असो. पुण्यांत एका कारखान्यांत गाडी दिली. त्यांनीं प्रथम पॅड बदलले, मग मास्टर सिलिंडर बदलला. आठवडा गेला, पैसेहि बरेच गेले, आणि पेडल होतें तसेंच राहिलें. तेव्हां आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा सारा जन्म एस. टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेंत गेला, ते आपण होऊन फाटकांत आले व म्हणाले, "मास्तर, पैसे मागाहून खर्च करा. आधीं नुसता पाय लावून बघूं."

त्यांनीं केलेल्या परीक्षेस एकहि हत्यार लागलें नाहीं. इंजिन बंद असतां त्यांनीं मला पेडल पांच-सहा वेळां दाबावयास सांगितलें. त्यामुळें उरलीसुरली पोकळी संपते व पेडल कठीण होतें. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावयाचें. बूस्टर जिवंत असेल तर त्याच क्षणीं पेडल पायाखालीं किंचित् खालीं सरकतें. आमचें हललें नाहीं. उलट, पेडल दाबतांच इंजिन थरथरूं लागलें आणि पेडलाच्या बुडाशीं सूं असा बारीक आवाज येऊं लागला. "फाटक्या पडद्यांतून इंजिन हवा पितंय," ते म्हणाले. परंतु निकाल त्यांनीं एवढ्यावर दिला नाहीं. त्यांनीं बूस्टरकडील नळी उपसली आणि तिच्या तोंडावर मला आंगठा ठेवावयास लावला. आंगठा चटकन् ओढला गेला. म्हणजे इंजिनाची ओढ ठीक, नळीहि ठीक. नळीवर हवेस इंजिनाकडेच जाऊं देणारी एक झडप असते. ती काढून बूस्टरच्या बाजूनें फुंकली तेव्हां वारा गेला, दुसऱ्या बाजूनें गेला नाहीं. तीहि निर्दोष ठरली. ही झडप किंवा चिरलेली नळी थोडक्या पैशांत मिळते, आणि तिच्याच दोषापायीं चांगले बूस्टर भंगारांत गेलेले आपण पुष्कळ पाहिले आहेत, असें ते सांगत होते.

ज्यांची खोड इतकी स्पष्ट नसेल त्यांनीं आणखी एक परीक्षा करावी. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावें, कांहीं मिनिटें थांबावें, आणि मग पेडल दाबावें. पहिला दाब मऊ व पुढचे क्रमानें कठीण लागले तर डबा पोकळी धरून आहे. पहिलाच कठीण लागला तर कोठें तरी गळती आहे. मात्र पेडल कठीण न होतां स्पंजासारखें लागत असेल, अथवा दाबून धरलें असतां हळूहळू तळाशीं जात असेल, तर बूस्टरकडे बोट दाखवूं नये. तो दोष नळ्यांत शिरलेल्या हवेचा, ऑइलच्या गळतीचा किंवा मास्टर सिलिंडरचा असतो.

बदलण्याचें काम एका रविवारीं सकाळीं आमच्याच अंगणांत झालें. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो पुढें घेतला. आमच्या गाडींत ब्रेकच्या नळ्या तेवढ्या लवल्या, म्हणून त्या सोडाव्या लागल्या नाहींत. नळ्या सोडाव्या लागल्यास मागाहून सर्व चाकांतून हवा काढणें प्राप्तच आहे, आणि ऑइल रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्यानें धुवावें, नाहीं तर रंग उठतो. मग चालकाच्या पायांच्या जागेंत उताणें पडून, पेडलाचा दांडा ज्या खिळीनें जोडलेला असतो ती खिळी व भिंतीचे चार नट काढावयाचे. हें वाक्य लिहिण्यास सोपें आहे. माझ्या वयास ती जागा नव्हती. तें काम नातवानें केलें.

डबा हातांत आला तेव्हां तो जड लागला. शेजाऱ्यांनीं तो उलटा धरला आणि त्यांतून वाटीभर काळपट ब्रेक ऑइल फरशीवर सांडलें. जुन्या मास्टर सिलिंडरच्या मागच्या रबरांतून तें महिनोंमहिने डब्यांत झिरपत होतें, आणि आंतलें रबर त्या तेलासाठीं केलेलें नसल्यानें फुगून फाटलें होतें. कारखानदारानें सिलिंडर बदलतांना मागची ओल पाहिली नसेल, असें म्हणणें कठीण आहे. पण माझें काय? पौषापासून टाकींतील ऑइल कमी होत होतें. खालीं थेंब दिसत नाहीं म्हणून मी निर्धास्त होतों व दर पंधरवड्यास बाटलींतून थोडें थोडें ओतीत होतों. तें सारें फरशीवर पसरलेलें पाहून मी कांहीं वेळ बोललों नाहीं.

बूस्टर घरीं उघडूं नये. आंत जोरदार स्प्रिंग असते. नवा, सीलबंद आणावा. बसविण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं त्याच्या पुढच्या दांड्याची लांबी फार वेळ मोजली, ती कां हें मला प्रथम उमगेना. तो दांडा किंचित् लांब राहिला तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पुरता मागें येत नाहीं, ब्रेक लागलेलाच राहतो व चाकें तापतात. आंखूड राहिला तर पेडलाचा पहिला भाग फुकट जातो. गाडीच्या पुस्तकांत दिलेलें अंतर जुळल्यावरच त्यांनीं नट आंवळले. सुरुवातीचीच परीक्षा पुन्हां केली: इंजिन सुरू होतांच पेडल पायाखालीं हळूच खालीं सरकलें. मागचे लाल दिवे लागतात व विझतात हें पाहिलें, सपाट रस्त्यावर दोन मैल हळू फिरून आलों, आणि चारी चाकांजवळ तळहात नेऊन तीं तापलीं नाहींत याची खात्री केली.

ज्येष्ठांत मंडळींस परत आणण्यासाठीं मी तोच घाट उतरून कोंकणांत गेलों. येतांना मातोश्री व मुलें मागें, त्यांची आजी माझ्या शेजारीं. चढ संपून मुळशीकडचा पहिला उतार लागला, तेव्हां तिनें खिडकीबाहेर पाहतच विचारलें, "लागतो ना हो?"

मीं पेडलावर नुसता पाय टेंकविला आणि गाडी मंदावली.