बारा फोटोंचा रविवार

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या सिंदी मेघेतल्या एका ओसरीवर सतरंजी अंथरतात आणि तिच्यावर फोटो मांडले जातात. चार बाय सहाचे, छापून आणलेले. मोबाईल पुढे करून 'हा बघा' म्हणायचं नाही, कारण मोबाईलवर माणूस फोटो बघत नाही, सरकवतो. सतरंजीवरचा फोटो हातात घ्यावा लागतो, उजेडाकडे धरावा लागतो. आणि मग ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी बोलायचं.

सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला लागून वाढलेलं गाव. सावंगी, बोरगाव, पिपरी अशी मागे 'मेघे' लावणारी आणखीही गावं इथे आहेत. तान्हा पोळ्यासाठी नावाजलेली सिंदी ती नव्हे. ती सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यातली. बाहेरगावचा एखादा हौशी मित्र लाकडी बैल आणि नटलेली पोरं टिपायला चुकून आमच्याकडे येतो, तेव्हा त्याला चहा पाजून तिकडे धाडावं लागतं.

आमच्यात व्यवसायाने फोटोग्राफर एकही नाही. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. एक एसटीतले कंडक्टर, एक औषधाच्या दुकानातला तरुण, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी. नियम एकच आहे: आठवड्याला बारा फोटो. तेरावा काढला तर तो दाखवायचा नाही. हा आकडा सरांनी ठरवला, आणि तो कुठून आला हे सांगायचं तर इथून आठेक किलोमीटरवरच्या सेवाग्रामला जावं लागेल.

गांधीजी १९३६ साली शेगाव नावाच्या या खेड्यात राहायला आले; १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. त्यांच्या कार्यालयात कारकुनी करणाऱ्यांत त्यांचा चुलत नातू कनू गांधी होता. नारणदास गांधींचा हा मुलगा १९१७ चा, म्हणजे तेव्हा विशीतला. (जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या काठीचं टोक धरून पुढे पळणारा मुलगा, तोही कनूच, पण रामदास गांधींचा. दोघांची गल्लत छापील मजकुरातही होते.) कनूने छायाचित्रणाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. आश्रमातलं जगणं कॅमेऱ्यात धरून ठेव, हे त्याच्या मनात भरवलं विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नाहीत, असं गांधीजींनी सांगितलं. मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले.

गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोज द्यायला सांगायचं नाही. आणि खर्च आश्रम करणार नाही.

हौशी छायाचित्रकाराला याहून चांगला धडा कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. फ्लॅश नाही म्हटल्यावर माणसाला उजेड शोधावा लागतो. पोज नाही म्हटल्यावर वाट बघावी लागते. आणि पैसा नाही म्हटल्यावर बटण दाबण्याआधी विचार करावा लागतो. रोलीफ्लेक्समध्ये एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बाराच फोटो निघायचे. सरांचा आकडा तो.

सरांकडे तसाच एक जुना कॅमेरा आहे. पुढच्या बाजूला दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. तो छातीपाशी, पोटापाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून नवख्याची पहिली दहा मिनिटं माणूस चौकटीबाहेर घालवण्यातच जातात. पण तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला कनूच्या फोटोंची अर्धी किल्ली सापडल्यासारखं झालं. डोळ्याला कॅमेरा लावलेला माणूस समोरच्यावर रोखून उभा असतो. हा कॅमेरा वापरणारा मात्र मान झुकवून उभा राहतो, जणू हातातलं काहीतरी वाचतोय. शटर भिंगातच असतं, त्यामुळे आवाज एवढासा, नख नखावर आपटल्यासारखा. गांधीजींच्या अटी आणि हे यंत्र एकमेकांना नेमके धार्जिणे होते. शिवाय कमरेच्या उंचीवरून घेतल्यामुळे जमिनीवर बसलेला माणूस त्याच्याच पातळीवर दिसतो, वरून वाकून पाहिल्यासारखा नाही. आश्रमात सगळे बसलेलेच असत.

कनूने १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं फोटो काढले. सेवाग्रामच्या उन्हात डोक्यावर उशी घेऊन चाललेले गांधीजी. सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू बघणारे गांधीजी. प्रवासात गाडीच्या खिडकीतून निधीसाठी पुढे केलेला त्यांचा हात. यातल्या काही फोटोंत हललेपणा आहे, कडा मऊ आहेत. त्या काळातल्या मंद फिल्मवर, मातीच्या भिंतींच्या आत, फ्लॅशशिवाय आणखी काय होणार? तरी मी ते फोटो कुठल्याही लखलखीत चित्रापेक्षा जास्त वेळ बघतो. कस्तुरबांच्या अखेरच्या वेळी, आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजींनी त्याला फोटो काढू दिला नाही. आणि ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत नव्हता, नौखालीत होता.

याच्या उलट बाजूची गोष्ट पुण्याची. १९४६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याशेजारचा फोटो घ्यायला आली. आधी सूत कातायला शीक, असं तिला सांगण्यात आलं आणि ती शिकली. फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची मुभा मिळाली. त्यातले दोन वाया गेले आणि तिसऱ्यावर साधलं. तो फोटो सेवाग्रामचा असं अनेकांना वाटतं, तो पुण्याचा. जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रकर्तीलाही तीनात भागवावं लागलं, मग आम्हाला बारा पुष्कळ झाले.

एकत्र बसून फोटो दाखवायचे आणि युक्त्या वाटायच्या, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. डागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीचा तपशील पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ ला जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर उत्तम फोटो काढत. सभा भरायच्या, चित्रं मांडली जायची, रसायनांच्या कृती सांगितल्या जायच्या. त्या काळात खरी अडचण होती ती हवेची. काचेवरची ओली प्रक्रिया करायची तर काच ओली असतानाच फोटो घेऊन ती लगेच धुवायची, आणि आपल्या उन्हात ती बघता बघता वाळायची. मेणकागदाची निगेटिव्ह आधी तयार करून ठेवता येई, म्हणून प्रवास करणारे हौशी लोक तिकडे वळले. विलायतेच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसे. इथल्याने इथल्याला सांगावं लागे. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईत 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिकच काढलं: चोवीस अंक, प्रत्येकात तीन खरे फोटो चिकटवलेले. पुढे १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, १९५३ मध्ये देशभरच्या संस्थांचा महासंघ झाला.

आमच्या सतरंजीवरही तेच चालतं. पुस्तकात नसलेलं, वर्ध्याच्या उन्हाचं आणि मातीचं.

मागच्या हंगामात औषधाच्या दुकानातल्या भावाने एक फोटो आणला. कापसाची वेचणी. मावशी वाकलेली, कमरेची ओटी भरून फुगलेली, चहूकडे फुटलेली बोंडं. फोटो बघितला की मन खट्टू व्हायचं, कारण कापूस राखेच्या रंगाचा आणि मावशीचा चेहरा काळा ठिक्कर, डोळेच दिसत नव्हते. तो म्हणाला, कॅमेरा खराब आहे. सर म्हणाले, कॅमेरा बिचारा हिशेब करतोय. समोर जे असेल ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. पांढऱ्याधोप रानात त्याला वाटतं की उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच अंधारतं करतो. अशा वेळी त्याचं न ऐकता एक्स्पोजर एक घर वाढवायचं. मोबाईल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसलं की ते वर सरकवायचं. काळी म्हैस चौकट भरून असली की उलट होतं, तिथे कमी करायचं. पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच वावरात गेला. या वेळी कापूस पांढरा होता आणि मावशीच्या कपाळावरची आठी मोजता येत होती. मावशीने एवढंच म्हटलं होतं, "फोटू देजो बरं भाऊ." त्याने नेऊन दिला.

मेमध्ये आमची बैठक वेगळ्या प्रश्नावर अडते. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या उन्हात कुणाचाही फोटो काढा, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. उपाय घरातच असतो. माणसाला दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे बसवायचं, तोंड अंगणाकडे. अंगणात पडलेलं ऊन उसळून आत येतं आणि चेहऱ्यावर सायीसारखं पसरतं. कंडक्टरकाकांनी त्यांच्या आईचा फोटो असा काढला आहे. खर्च शून्य. तो मी पाहिलेल्या उत्तम फोटोंपैकी एक आहे, आणि हे मी मैत्रीखातर म्हणत नाही.

पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात जमिनीतून निघालेली जुनी शिल्पं आहेत. भरत-रामाची भेट त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली. गोपुरीच्या गीताई मंदिराला तर छप्परच नाही. उघड्या आभाळाखाली उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली गीताई, १९८० पासून. दोन्हीकडे एकच गोष्ट लागू पडते. दगडावरचं काम सरळ समोरच्या उजेडात सपाट होतं, मग फ्लॅशची गोष्टच नको. सकाळी किंवा उतरत्या उन्हात बाजूने तिरपा उजेड आला की प्रत्येक कोरीव रेघेला स्वतःची सावली मिळते आणि अक्षरं उठून दिसतात. कॉलेजच्या मुलीने एकाच शिळेचे फोटो सकाळी सात, दहा आणि दुपारी बाराला काढून ओळीने मांडले होते. बाराच्या फोटोत अक्षरं होती, पण वाचता येत नव्हती. बोरच्या जंगलाबद्दल मी इथे लिहीत नाही. वाघाचे फोटो सगळेच काढतात. एवढंच सांगतो की जिप्सीतल्या धुळीत लेन्स बदलू नका.

पावसाळ्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्यात मी स्वतः होरपळलोय. वडिलांनी घेऊन दिलेली लेन्स मी तिच्याच चामडी पिशवीत कपाटात जपून ठेवली. दिवाळीला काढली तर आत बुरशीच्या जाळ्या, कोळ्याने विणल्यासारख्या. चामडं ओल धरून ठेवतं, आणि अंधार व ओल मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. आता माझ्याकडे घट्ट झाकणाचा डबा आहे, त्यात सिलिका जेल, आणि दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरतोच.

आता दिवाळी. वर्ध्याला या दिवसांत पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. पणत्यांचा फोटो लोक आठ वाजता, मिट्ट काळोखात काढतात आणि हाती येतात काळ्यावर पिवळे ठिपके. सूर्य गेल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं धरा. आभाळ गडद निळं असतं, भिंत दिसते, पणती दिसते, पणती लावणारा हातही दिसतो. फ्लॅश बंद. मोबाईल स्टुलावर किंवा डब्याला टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. ज्योतीवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह थोडं खाली.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी असाच अंगणात बसलो होतो. अकरा फोटो झाले होते. समोरच्या घरातली आजी पायरीवर पणत्या मांडत होती. एक विझली, तिने पदराचा आडोसा करून ती पुन्हा लावली, आणि उजेड खालून तिच्या हनुवटीवर आला. बारावा तो. रविवारी सतरंजीवर मांडला तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं, "तिला दिला का?" मी उठलो, फोटो खिशात घातला आणि समोरच्या घराकडे गेलो.