एका इंचाचें मोल

रस्त्यावरून एखादी स्पोर्ट्‌स मोटार निघून गेली, कीं पाहणाराच्या मनांत तिच्या वेगापेक्षांहि तिचा ठेंगणेपणा अधिक ठसतो. दबा धरून बसलेल्या मांजरासारखी तिची बैठक असते. अशी मोटार बाळगणाऱ्या हौशी माणसास ती पुढच्या अंगास आणखी थोडी खालीं आणावी, असा मोह पडतो. आणि हें काम घरच्या अंगणांत थोडक्या हत्यारांनीं होण्यासारखें असल्यामुळें तो आवरणें कठीण जातें. तें कसें करावें, आणि करतांना आपण काय मिळवितों व काय गमावितों, याचा विचार आज करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं ‘एम्. जी. बी.’ ही इंग्लिश गाडी घेऊं. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस ॲबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे, आणि पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेस जाई. अमेरिकन सरकारनें मोटारींचे बंपर किती मजबूत व किती उंचीवर असावेत याचे नियम केले, तेव्हां १९७४ च्या अखेरीस या गाडीस जड, काळे, रबरासारखे बंपर बसविण्यांत आले, आणि सबंध गाडी एक-दीड इंच उंच करण्यांत आली. वळणावर ती पूर्वीपेक्षां अधिक कलूं लागली. म्हणून या मागाहूनच्या गाड्यांचे मालक त्यांना पुन्हां पहिल्या उंचीवर आणण्याचा उद्योग आजतागायत करीत आले आहेत. हौसेच्या मागें येथें सबळ कारणहि आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां गाडीच्या पुढील भागाची रचना पाहूं. तेथें एक भक्कम आडवी तुळई असते. तिच्या प्रत्येक टोकास बिजागरीप्रमाणें वर-खालीं हलणाऱ्या दोन भुजा असतात, एक वर व एक खालीं. त्यांच्या बाहेरील टोकांमध्यें किंगपिन नांवाचा उभा खांब असून त्याच्या आधारानें चाक फिरतें. खालच्या भुजेवर एक पोलादी थाळी असते. ती थाळी व वरची तुळई यांच्यामध्यें वेटोळी स्प्रिंग दाबून बसविलेली असते. टांग्याला कमानींचें जें काम, तेंच येथें या स्प्रिंगचें. या गाडीची विशेष गोष्ट अशी, कीं वरची भुजा ही स्वतंत्र नसून शॉक ॲब्सॉर्बरचाच हात आहे.

गाडी खालीं आणण्याचा सरळ मार्ग म्हणजे ही स्प्रिंग काढून तिच्या जागीं आखूड स्प्रिंग बसविणें. स्प्रिंग भुजेच्या साधारण मध्यावर टेकलेली असल्यानें ती अर्धा इंच आखूड झाली, तर गाडी जवळ जवळ एक इंच खालीं येते. हा हिशेब न कळल्यामुळें पुष्कळांची गाडी मनांत होतें त्याच्या दुप्पट खालीं बसते.

यांत लाभ कोणता? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २० इंचांवर आहे असें धरलें, तर एक इंच खालीं आल्यानें वळणावर आंतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरणाऱ्या भारांत विसांश, म्हणजे ५ टक्के, घट होते. लाभ खरा आहे, पण तो एवढाच आहे. उलट, गाडीचें अंग वळणावर ज्या बिंदूभोंवतीं कलतें, तो बिंदु भुजांच्या तिरपेपणावर अवलंबून असतो. गाडी खालीं येतांच भुजांचीं बाहेरचीं टोकें तुलनेनें वर जातात, आणि तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांहि वेगानें खालीं उतरतो. दोहोंमधील अंतर वाढतें, आणि कमी कलावी म्हणून खालीं आणलेली गाडी कित्येकदां अधिकच कलूं पाहते. असें कलणें रोखण्याचें खरें साधन म्हणजे दोन्ही बाजूंच्या भुजांस जोडणारी पोलादी कांब, जिला अँटी-रोल बार म्हणतात. १९७५ च्या नमुन्यांत कारखान्यानें खर्च वांचविण्यासाठीं पुढची कांब गाळली होती. १९७७ च्या नमुन्यापासून ती पुढें व मागें दोहोंकडे देण्यांत आली.

आणि हानि कोणती? चाकाला वर सरकण्यासाठीं जी मोकळी जागा असते, तींतलाच एक इंच आपण खर्च करतों. खड्डा आला कीं भुजा वर जाते व शेवटीं रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणीं स्प्रिंगचें काम संपतें आणि धक्का थेट गाडीच्या सांगाड्यास बसतो. हें ऐन वळणावर घडलें तर पुढच्या चाकाची पकड एकाएकीं सुटूं शकते. यासाठींच आखूड स्प्रिंग ही थोडी ताठहि असावी लागते.

मग जुन्याच स्प्रिंगचा एक वेढा कापला तर? आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापल्यास ती सुमारें १४ टक्के ताठ होते, हें खरें. पण कापलेलें टोक थाळींत नीट बसत नाहीं, आणि गाडी उचलली असतां सैल झालेली स्प्रिंग जागेवरून सरकूं शकते. गॅसच्या ज्योतीनें तापवून स्प्रिंग दाबण्याची युक्ति तर सर्वथा त्याज्य होय. पोलादास दिलेलें पाणी त्या उष्णतेनें उतरतें, आणि अशी स्प्रिंग पुढें केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. त्या गाडीसाठीं तयार केलेली स्प्रिंगच विकत घ्यावी.

आतां प्रत्यक्ष कृति. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें. मागच्या चाकांस पाचर द्यावी, पुढचा भाग जॅकनें उचलावा आणि लगेच तो मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरंवशावर उचललेल्या गाडीखालीं हातहि घालूं नये. चाक काढल्यावर ब्रेकचा भाग सोडवून तारेनें वर टांगावा. रबरी नळीवर त्याचा भार पडतां कामा नये. अँटी-रोल बारचा दुवाहि सोडवावा.

यापुढचा भाग जिवावरचा आहे. गाडीचें वजन जरी घोड्यांवर असलें, तरी दाबलेली स्प्रिंग शेंकडों पौंडांच्या जोरानें भुजेस खालीं रेटीत असते. म्हणून चाकांचा जॅक स्प्रिंगच्या थाळीखालीं घट्ट लावून, स्प्रिंगमधून साखळी ओवून ती तुळईस बांधावी, आणि मगच किंगपिनच्या वरचा बोल्ट काढावा. त्यानंतर जॅक अगदीं सावकाश उतरवावा. भुजा वर्तुळाकार गतीनें खालीं येत असल्यानें जॅकची चाकें सरकण्यास मोकळीं हवींत. नाहीं तर थाळी त्यावरून निसटते. स्प्रिंगच्या समोर कोणीं उभें राहूं नये, आणि मुलांना अंगणांतून आधींच घरांत पाठवावें. स्प्रिंग पूर्ण सैल झाल्यावरच ती हातीं घ्यावी. नवी बसवितांना हाच क्रम उलटा करावा. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकाच वेळीं बदलाव्या. भुजेच्या बिजागरींत रबरी गुट्टे असतात. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावे, नाहीं तर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें.

काम येथें संपत नाहीं. भुजा आणि स्टिअरिंगचा टाय-रॉड हे दोन कंपासांप्रमाणें आपापलीं वर्तुळें काढीत असतात, आणि कारखान्यानें तीं एकमेकांशीं जुळवून दिलेलीं असतात. उंची बदलली कीं तो जुळा बिघडतो, आणि खड्ड्यावरून जातांना चाक आपोआप किंचित् वळूं लागतें. म्हणून थोडे दिवस हळू चालवून स्प्रिंगा बसल्या, कीं पुन्हां अंतरें मोजावीं, चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी आणि दिव्यांचा झोतहि तपासावा.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यास मर्यादा घातल्या आहेत. तेव्हां हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी. दुसरी गोष्ट आपले गतिरोधक. कारखान्यानें ठेवलेल्या उंचीच्या गाडीचेंहि पोट ज्यावर घासतें, तेथें खालीं आणलेल्या गाडीच्या तेलटाकीचें काय होईल, हें सांगावयास नकोच.

सारांश, एक इंचापर्यंत, योग्य स्प्रिंग घालून, मोजमाप करून गाडी खालीं आणण्यास हरकत नाहीं. त्यापुढील प्रत्येक इंच मात्र चाकाच्या हालचालीच्या जागेंतून काढावा लागतो, आणि ती जागा मूळचीच थोडी असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें येथेंहि खरें आहे.