निवृत्तीनंतरचा कठीण सामना
व्यसनाच्या विळख्यातून सावरणाऱ्या माजी खेळाडूंना आर्थिक साहाय्याबरोबरच नव्या दिनक्रमाचीही गरज

ज्या वयात इतर व्यवसायांतील माणसे स्थिरावतात, त्या वयात खेळाडूची कारकीर्द संपते. सराव, आहार, प्रवास आणि विश्रांती यांचे वर्षानुवर्षे इतरांनी आखून दिलेले वेळापत्रक एका दिवसात थांबते. प्रेक्षकांचा जयघोष, संघाची सोबत आणि उत्पन्न यांनाही त्याच सुमारास ओहोटी लागते. ही पोकळी भरून काढण्यासाठी काही खेळाडू मद्य, अमली पदार्थ किंवा जुगार यांच्या आहारी जातात.

पाकिस्तानचे माजी कर्णधार वसीम अक्रम हे याचे बोलके उदाहरण होय. २००३ मध्ये निवृत्त झाल्यानंतर आपल्याला कोकेनचे व्यसन जडले, अशी कबुली त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली. स्पर्धेतील थराराची उणीव भरून काढण्याचा तो प्रयत्न होता, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्नी हुमा यांच्या आग्रहावरून उपचार घेऊनही व्यसन परतले. ऑक्टोबर २००९ मध्ये हुमा यांचे चेन्नई येथे निधन झाले आणि त्यानंतर आपण कोकेन कायमचे सोडले, असे अक्रम यांनी नमूद केले आहे.

इंग्लंडचे फुटबॉलपटू टोनी ॲडम्स यांना मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल १९९० मध्ये कारावास भोगावा लागला होता. १९९६ मध्ये, खेळत असतानाच, त्यांनी आपण मद्यासक्त असल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने १९९८ आणि २००२ मध्ये लीग व एफए चषक अशी दुहेरी विजेतीपदे पटकावली. २००० मध्ये त्यांनी व्यसनग्रस्त खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही उपचारसंस्था स्थापन केली. इतरांना सावरण्याचे हे कार्य त्यांच्या स्वतःच्या नव्या आयुष्याचाही भाग बनले.

मात्र एकदा दिलेली कबुली म्हणजे कायमची मुक्तता नव्हे. ॲडम्स यांचे सहकारी पॉल मर्सन यांनी १९९४ मध्येच आपली व्यसने उघड केली होती. तरीही कोरोनाकाळातील टाळेबंदीत ते पुन्हा जुगाराकडे वळले. व्यसन हा आजार असून तो उलटू शकतो. त्यामुळे उपचारांनंतरचा नियमित पाठपुरावाही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

भारतात विनोद कांबळी यांच्यामुळे या प्रश्नाची विशेष चर्चा झाली. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके झळकावणाऱ्या कांबळी यांचा कसोटी प्रवास १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी संपला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रकृती खालावल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उपचारांसाठी पहिले पाऊल त्यांनी स्वतः उचलल्यास मदत करू, असे कपिल देव यांनी सांगितले होते. २०२५ मध्ये सुनील गावसकर यांच्या ‘चॅम्प्स’ प्रतिष्ठानाने त्यांना दरमहा ३० हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले.

हलाखीत सापडलेल्या खेळाडूंसाठी केंद्र सरकारचा कल्याण निधी १९८२ पासून आहे. निवृत्त खेळाडूंना रोजगारक्षम प्रशिक्षण देणारी ‘रीसेट’ योजना २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी सुरू करण्यात आली. व्यसनमुक्तीविषयी सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा सर्वांना खुली आहे.

आर्थिक साहाय्याने औषधांचा व घराचा खर्च भागतो. परंतु व्यसनमुक्त झालेल्या खेळाडूला रोज सकाळी जाण्यासाठी एखादे मैदान, प्रशिक्षणवर्ग किंवा कार्यालय लाभले, तरच ती मुक्तता टिकण्याची शक्यता वाढते. म्हणूनच उपचार आणि रोजगार यांची सांगड घालणे अगत्याचे आहे.