नळावर उगवलेला दगड

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. या भागात ज्या घरात बोरचं पाणी येतं, तिथला नळ जरा निरखून बघा. तोटीच्या तोंडाशी पांढरट, खरखरीत कडं जमलेलं दिसेल. शॉवर असेल तर त्याची निम्मी भोकं बुजलेली असतील. पाणी तापवायच्या बंबात डोकावलात तर आत जाड पापुद्रा! घरातली मोठी माणसं म्हणतात, "क्षार बसलेत."

नखाने खरवडून बघा. निघत नाही. साबण लावून घासा. तरी नाही. निघेल कसं? तो दगड आहे! खराखुरा दगड, तुमच्याच घरात थेंबाथेंबाने तयार झालेला. त्याचं नाव कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या जोडीला थोडं मॅग्नेशियमही असतं.

आता एक प्रयोग करू. नळावरचा एखादा खपला मोठ्या माणसाकडून काढून घ्या आणि काचेच्या वाटीत ठेवा. त्यावर व्हिनेगर ओता. मंचुरियनच्या गाडीवर असतं ना, तेच ते आंबट पाणी. काही क्षणांत खपल्याच्या अंगावर बारीक बुडबुडे उठू लागतील. खपला लहान असेल तर थोड्या वेळाने तो दिसेनासाच होईल. दगड विरघळला!

व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं, बाकी बहुतेक पाणीच. हे आम्ल दगडातलं कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतं आणि त्यापासून पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ बनवतं. उरतो कार्बन डायऑक्साइड. तोच बुडबुड्यांतून वर येतो.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकातही सापडते. पण मला खरा चमत्कार वाटतो तो पुढचा. हा वायू त्या दगडात शिरला कुठून?

निमगावच्या जमिनीखाली आहे काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन हा खडक झाला. बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर आहे, पण कार्बन जवळजवळ नाहीच. म्हणजे बुडबुड्यांतला कार्बन खडकातून आलेला नाही. तो आलाय मातीतल्या हवेतून. बाजरीची, कांद्याची, बांधावरच्या बाभळीची मुळं मातीत श्वास घेतात. मातीतले अब्जावधी सूक्ष्मजीवही घेतात. आपल्यासारखीच तीही कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. म्हणून मातीच्या कणांमधल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

पावसाचं पाणी या मातीतून खाली झिरपताना तो वायू सोबत घेतं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी खडकाच्या फटींमधून फिरत राहतं, खडकाला हळूहळू झिजवतं आणि त्यातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम उचलतं. तेच पाणी बोरमधून वर येतं. दिसायला नितळ, पण आत दगडाचा माल विरघळलेला. म्हणून त्याला जड पाणी म्हणतात. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही.

किती माल असतो बरं? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. समजा, एखाद्या बोरचं पाणी ४०० चं आहे. मग २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम झाले. चांगला भरलेला चमचा, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही!

हे पाणी तापलं किंवा तोटीवर थेंब होऊन सुकलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड थोडा उडून जातो. मग कॅल्शियमला विरघळून राहता येत नाही. ते उरलेल्या कार्बनला धरून पुन्हा दगड होऊन बसतं. बंबात आणि सोलरच्या नळ्यांत क्षार जास्त का साचतात, ते आता कळलं? तिथे पाणी तापतं.

आता त्या वाटीतले बुडबुडे पुन्हा आठवा. कधीतरी कुठल्यातरी मुळाने सोडलेला श्वास पाण्यातून खडकात गेला, बोरमधून वर आला, नळावर दगड होऊन बसला, आणि तुम्ही व्हिनेगर ओतताच सुटून हवेत गेला.

असाच दगड शेतातही बनतो. काळ्या मातीत पांढरट खडे सापडतात ना, ती चुनखडी. पूर्वी ती भट्टीत भाजून चुना करत आणि वाडे बांधत. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार अडकले की शेतकरी नळ्यांमधून ॲसिड सोडतात, तीही हीच युक्ती. फक्त ते ॲसिड फार तीव्र असतं. त्याच्या जवळपासही तुम्ही जायचं नाही.

नळासाठी मात्र व्हिनेगर पुरे. त्यात फडकं भिजवून तोटीला गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. शॉवर असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रबराने शॉवरला बांधा. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. कोमट व्हिनेगर जास्त लवकर काम करतं. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस वापरा. आजी पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करते, तिथेही आंबटपणाच कामी येतो. पितळेवर किंवा चकचकीत मुलामा दिलेल्या नळावर व्हिनेगर फार वेळ ठेवू नका, तेही खराब होतात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किंवा कुठलंही ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो विषारी आहे. दुसरी गोष्ट ओट्याची आणि फरशीची. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच दगड, म्हणजे तुमच्या नळावरच्या दगडाचे सख्खे भाऊ. व्हिनेगरला नळ आणि फरशी यांतला फरक कळत नाही. ते ओट्यावर सांडलं तर ओट्याची चमक खाऊन टाकतं. म्हणून खाली भांडं ठेवूनच काम करा.

आणि पावसाळ्यात आणखी एक प्रयोग. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी एका बाटलीत भरा, बोरचं दुसऱ्या बाटलीत, कॅनॉलचं मिळालं तर तिसऱ्या. मोठ्यांना सोबत घेतल्याशिवाय कॅनॉलवर जायचं नाही बरं! प्रत्येक बाटलीत सारखाच साबणाचा चुरा टाका आणि जोरात हलवा. कुठल्या बाटलीत फेस जास्त येतो आणि जास्त वेळ टिकतो, ते वहीत लिहून आम्हाला नक्की कळवा.