बोळाची गल्ली करणारा माणूस

ॲम्स्टरडॅम : इथल्या दिवाणखान्यांचे पडदे दिवेलागणीनंतरही सहसा ओढलेले नसतात. रस्त्यावरून जाता जाता लोकांची जेवणं दिसतात. पण न कळवता कुणी दारात उभं राहिलं, की तोच घरमालक गोंधळतो. दिसलं तर चालेल, आत मात्र विचारून या. वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्झबर्गर यांना हा डच स्वभाव पक्का ठाऊक होता.

जन्म १९३२ चा, याच शहरातला. शिक्षण डेल्फ्टला, १९५८ मध्ये पदवी आणि लगेच स्वतःचं कार्यालय. वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांच्यासोबत ‘फोरम’ या वास्तुरचनेच्या मासिकातून त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साचेबंद वसाहतींवर झोड उठवली. पुढे तशाच एका वसाहतीत, शहराच्या पश्चिमेच्या स्लोटरव्हार्टमध्ये, त्यांनी वृद्धांसाठी ‘द्री होवेन’ उभारलं. काम १९६४ ते १९७४ चाललं.

तेव्हा घरांची टंचाई भयंकर होती. म्हातारं जोडपं वृद्धनिवासात गेलं, की त्याचं घर तरुण कुटुंबाला मिळे. खर्चाला हातभार लावायला १९५७ पासून सर्वांना सरकारी वृद्धवेतनही होतं. म्हणजे सोय म्हाताऱ्यांची, पण निकड इतरांचीही. अशा निवासांना इस्पितळाची कळा येई: लांबच लांब बोळ आणि दुतर्फा बंद दारं.

हर्ट्झबर्गरांनी या बोळाची गल्ली केली. प्रत्येक दारापुढे थोडी जागा सोडली, तिथे दिवा आणि बुटका कठडा दिला. दार आडवं दुभागलेलं. वरची झडप उघडी असली की जाणारा-येणारा चार शब्द बोलायचा. खालची बंद असल्यामुळे आत शिरायचा नाही. आपल्या वाड्यातली ओसरी हेच काम करायची. राहणाऱ्यांनी तिथे कुंड्या मांडल्या, सामान मांडलं.

काँक्रीटचे राखाडी ठोकळे मात्र त्यांनी उघडेच ठेवले. घर राहणाऱ्याने पुरं करावं, हा विचार. मला तो पटत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांकडून या हौसेची अपेक्षा धरायला वास्तुरचनाकार तिशीतलाच असावा लागतो!

आता नुसत्या वयावर अशा निवासात जागा मिळत नाही. २०१५ च्या सुधारणांनंतर सतत देखभालीची गरज सिद्ध करावी लागते. बाकीच्यांनी आपल्याच घरी राहायचं, मदतीसाठी नगरपालिकेकडे अर्ज करायचा. पण स्लोटरव्हार्टमधल्या कितीतरी जुन्या चार मजली इमारतींना लिफ्टच नाही.